डोंगराळ मुलखातली म्हण

बाईंनी ती ओळ वाचली तेव्हा त्यांच्या आवाजात काहीच नव्हतं. त्यांच्या आवाजात कधीच काही नसायचं, ते त्यांचं कामच होतं. एकानं मूळ मजकूर मोठ्यानं वाचायचा, स्वल्पविराम, पूर्णविराम, परिच्छेद हे शब्दसुद्धा मोठ्यानं म्हणायचे, आणि दुसऱ्यानं छापील प्रुफावर पेन्सिल टेकवून मागोमाग जायचं. बाकीच्या छापखान्यांतून ही पद्धत केव्हाच गेली होती. इथं ती मालकाच्या हट्टापायी टिकली होती आणि तिच्याबरोबर बाई आणि तो, हे दोघंही टिकले होते. पुढच्या वर्षाचं भिंतीवरचं कॅलेंडर चाललं होतं. वसंताच्या महिन्याचं मागचं पान. जगातल्या निरनिराळ्या लोकांच्या वसंतावरच्या म्हणी, आपल्या भाषेत आणलेल्या. कुणाचा वसंत उशिरा येणारा पाहुणा होता, कुणाचा थापाड्या सोयरा, कुणी त्याच्या भरवशावर लोकरीचे कपडे बांधून ठेवू नका म्हणून बजावत होतं. इतके लोक, इतक्या भाषा, आणि सगळ्यांचा सूर एकच, की आलाय खरा, पण जरा जपून. बाई वाचत होत्या, "दार कुरकुरायला लागलं स्वल्पविराम म्हणजे वसंत आला पूर्णविराम कंसात डोंगराळ मुलखातली म्हण कंस पुरा," आणि लगेच कुठल्याशा बेटावरच्या कोळ्यांच्या म्हणीला लागल्या, ती संपवून आणखी पुढे गेल्या, आणि त्याची पेन्सिल दारापाशीच राहिली.

"काय हो स्वल्पविराम, डोळा लागला का?" बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. एका स्वल्पविरामासाठी त्यानं एकदा चालू मशीन थांबवलं होतं, तेव्हापासून छापखान्यात त्याला हेच नाव पडलं होतं.

"ती दाराची पुन्हा वाचा."

बाईंनी वाचली, तशीच, कंसासकट.

"अडकायला," तो म्हणाला. "दार अडकायला लागलं. कुरकुरायला नाही."

"माझ्याकडं कुरकुरायलाच आहे."

"मग मूळच चुकलंय."

"म्हणीत कसलं आलंय मूळ? लोक म्हणतील ते बरोबर."

"लोक नाही म्हणत हे, बाई. आमच्या घरातलं आहे. आमची ही म्हणायची."

बाईंनी हातातला कागद हळूच टेबलावर ठेवला आणि चष्मा काढून पुसायला घेतला. चष्मा स्वच्छच होता. गेल्या हिवाळ्यात त्याची बायको गेली तेव्हा बाई घरी आल्या होत्या, आणि आत येऊन काय बोलावं हे न सुचल्यामुळे बराच वेळ जिन्यातच उभ्या राहिल्या होत्या. आताही त्या जिन्यात उभ्या असल्यासारख्याच दिसल्या.

त्याला सगळं लख्ख आठवत होतं. बायकोनं ते म्हटलं तेव्हा तो दुसऱ्या एका छापखान्यात होता आणि तिथंही असंच कॅलेंडर, असंच पान होतं. पान एका ओळीनं कमी भरत होतं आणि सकाळपर्यंत काहीतरी द्यायचं होतं. तो काम घरी घेऊन आला होता. घर म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या आणि मागे एक अरुंद गॅलरी. गॅलरीचं दार लाकडी होतं आणि थंडी सरून हवा ओलसर झाली की ते फुगायचं. ती त्या दारापाशी उभी होती. एक हात कडीवर, अंगात तो फिका निळा स्वेटर, कोपरावर विरलेला, आणि दार काही लागत नव्हतं, आणि ती मागे वळून न बघता म्हणाली होती, दार अडकायला लागलं, म्हणजे वसंत आला. ते तिनं काही ठरवून म्हटलं नव्हतं. भाजीवाला आला, म्हणजे अकरा वाजले, असं म्हणावं तसं. त्यानं ते तिथल्या तिथं लिहून घेतलं होतं आणि गंमत म्हणून पुढे कंसात टाकलं होतं, डोंगराळ मुलखातली म्हण. त्यांच्या घराच्या आसपास साधं टेकाडसुद्धा नव्हतं. मग ते छापलं गेलं, वर्ष संपलं, कॅलेंडर उतरलं, छापखाना बंद पडला. आणि ती ओळ मात्र त्यांना न विचारता घराबाहेर पडून कुठं कुठं फिरत राहिली होती. कुणी ती उचलली, कुणी तिच्यातला एक शब्द बदलला, आणि आज ती बाईंच्या तोंडून परत आली होती, शहर बघून आलेल्या माणसासारखी, थोडी बदललेली आणि आपल्याला न ओळखणारी.

माणूस गेल्यावर काय काय उरतं याचा त्याला गेल्या काही महिन्यांत चांगला अभ्यास झाला होता. चेहरा उरतो, कारण फोटो असतात. कपडे उरतात, आणि काही दिवस त्यांचा वासही. हाताचं वळण उरतं, डब्यांवरच्या चिठ्ठ्यांवर. आवाज मात्र उरत नाही. त्यांच्याकडं तिच्या आवाजाची एकही टेप नव्हती, फोनमध्येसुद्धा काही नव्हतं. ते दोघं एकाच घरात राहणारी माणसं होती, त्यांना एकमेकांसाठी निरोप ठेवायची वेळच आली नव्हती. तिचा आवाज त्याला फक्त काही वाक्यांत ऐकू यायचा. नुसता आवाज आठवू म्हटलं तर येत नसे, पण वाक्य घेतलं की त्याच्यात तो यायचा. अशी मोजकीच वाक्यं त्याच्यापाशी होती. सकाळी दाढी करताना तो ती एकेक करून मनात म्हणायचा आणि त्यांत तिचा आवाज यायचा. उद्या दुपारनंतर वारा पडेल, असं एक होतं. ते कधीचं होतं ते आठवत नव्हतं, पण कुठल्यातरी वाईट दिवसांत ती ते अगदी खात्रीनं म्हणाली होती आणि ऐकून त्याला बरं वाटलं होतं. दुसरं दवाखान्यातलं होतं, शेवटच्या दिवसांतलं. तुम्ही काळजी करू नका, मी पुढच्या स्टेशनावर उतरेन. औषधांमुळे तिला गाडीत असल्यासारखं वाटत असणार. ते वाक्य तो रोज घेत नसे. आणि हे दाराचं. सगळ्यांत साधं आणि सगळ्यांत स्पष्ट. ते म्हटलं की नुसता आवाजच नव्हे, त्यात ती जरा दमलेली आणि जरा हसत असलेलीही ऐकू यायची.

त्यानं प्रूफ उचललं आणि जिना चढून वर संपादिकेकडं गेला. ती त्याच्या मुलीच्याच वयाची होती. संत्रं सोलत बसली होती आणि साली प्रुफांवर पडू नयेत म्हणून मांडीवर धरत होती.

"या काका, बसा. काय चुकवलं आम्ही?"

"ही कुठं मिळाली तुम्हाला?" त्यानं ओळीवर बोट ठेवलं.

"कुठल्यातरी जुन्या संग्रहात. त्यांनी आणखी कुठून उचलली असेल देव जाणे. पण ही माझी सगळ्यांत लाडकी आहे हं. बाकीच्यांत वसंत बाहेर असतो बघा, शेतात, नदीवर. ही एकटीच घरात आहे."

त्यानं तिला सांगितलं. थोडक्यात सांगितलं. ती आधी हसली, मग थांबली.

"म्हणजे डोंगर नाहीच?"

"नाही. तिसरा मजला होता."

"आणि आम्ही आपले डोंगराळ मुलूख म्हणून छापतोय!" तिनं संत्रं बाजूला ठेवलं आणि हात पुसले. "मग काका, नाव टाकू या की. म्हणीखाली नाव नसतं, पण ही म्हण नाहीच ना. काकूंचं नाव टाकू. काय नाव होतं?"

त्यानं नाव सांगितलं. ते त्याला स्वतःलाच नवीन वाटलं. घरात त्यानं तिला कधी नावानं हाक मारली नव्हती. अगं म्हटलं की ती यायची. संपादिकेनं ते एका चिठ्ठीवर लिहिलं, र्‍हस्व-दीर्घ विचारून, आणि म्हणाली, "पण एक आहे. नाव टाकायचं तर शब्द त्यांचेच हवेत. अडकायला की कुरकुरायला, ते नक्की करा. पान पाचला छपाईला जायचंय. त्यांना एकदा विचारून," एवढं बोलून ती थांबली.

जिन्यावरून उतरताना त्याला जाणवलं की किती दिवसांनी आपल्याला तिचं एक काम आलं आहे. औषधं आणायची, रिपोर्ट दाखवायचे, पाय चेपायचे, ही कामं संपल्यापासून त्याचे हात रिकामे होते. आता एक शब्द नक्की करायचा होता. घराघरांत, दुकानांत, कचेऱ्यांत ते कॅलेंडर लागेल आणि महिनाभर तिचं नाव तिथं असेल. मागच्या बाजूला, भिंतीकडं तोंड करून असेल, पण असेल. अडकायला हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तरी प्रुफं वाचण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला पक्कं ठाऊक असणं पुरत नाही, दुसऱ्या प्रतीशी ताडून बघावं लागतं. दुसरी प्रत म्हणजे मुलगी. ती तेव्हा घरात होती. आता तिच्या गावी, दातांच्या दवाखान्यात, ती पेशंटच्या वेळा लावायचं काम करायची. त्यानं जिन्याच्या वळणावर उभं राहून फोन लावला.

"बाबा? बरे आहात ना?"

"बरा आहे. एक शब्द विचारायचा होता."

"आत्ता? अहो, इथं चार जण गाल धरून बसलेत."

"आई दाराचं म्हणायची ना, वसंताचं. त्यात अडकायला म्हणायची की कुरकुरायला?"

"दाराचं कुठलं? थांबा हं एक मिनिट. नाही हो, डॉक्टर आतच आहेत, तुम्ही नाव लिहा आणि बसा. हां, बोला. ते कॅलेंडरवालं का? ते आईचं कुठं, बाबा? ते तुमचं."

"माझं?"

"मग कुणाचं! तुम्हाला ओळ कमी पडत होती आणि तुम्ही पेन्सिल चावत बसला होतात. गॅलरीचं दार लागत नव्हतं. आई दोनदा म्हणाली, लावा हो ते. मग तुम्ही उठलात, खांदा लावलात, धाडकन लागलं एकदाचं, आणि येऊन लिहिलंत. मी समोर बसून भूगोल करत होते ना. मी विचारलंसुद्धा, डोंगराळ मुलूख कुठला, नकाशात दाखवा. तुम्ही म्हणालात, नकाशा छापणाऱ्यानं गाळला."

हे तो नक्कीच म्हणाला असणार. हा विनोद त्याचाच होता.

"आणि आई?"

"आईनं वाचून दाखवलं. नेहमीसारखं. स्वल्पविराम, पूर्णविराम. तुम्ही तिच्याकडून सगळंच वाचून घ्यायचात की."

"वाचल्यावर काही म्हणाली असेल ना ती."

"हसली. आणि काहीतरी म्हणाली, त्यावर तुम्हीही हसलात." फोनवर मागे कुणाचं तरी लहान मूल रडत होतं. "नाही आठवत, बाबा. मी नऊ वर्षांची होते."

"वसंताबद्दल काय म्हणायची ती? दुसरं काही?"

"आई? वसंतात तिला शिंकांतून बोलायला फुरसत असायची का? डोळे लाल, नाक लाल. महिनाभर रुमाल सोडायची नाही. तुम्हाला आठवत नाही? बाबा, ऐकताय ना? काय झालंय? मी संध्याकाळी करते फोन. जेवलात का?"

जेवलो, असं तो म्हणाला. फोन खिशात ठेवला आणि तिथंच उभा राहिला. खालून मशीनचा आवाज येत होता आणि कठड्याला हात लावला की तो हातात जाणवत होता. त्यानं ती आठवण पुन्हा समोर घेतली, एखादं प्रूफ पुन्हा घ्यावं तशी. दार, कडी, निळा स्वेटर. ती होती तिथंच. पण आता त्याच्या लक्षात आलं की त्या आठवणीत दाराचा जोर त्याला खांद्यात जाणवत होता. लाकडाचा ओला, गार स्पर्श, ढकलल्यावर आधी काहीच न होणं आणि मग एकदम सुटणं. हे सगळं त्याला आधीपासूनच जाणवत आलं होतं आणि आपल्याला ते का जाणवतं, असं त्यानं कधी विचारलं नव्हतं. खांदा त्याचाच होता. ती समोर कागद घेऊन बसली होती. तिनं त्याची ओळ मोठ्यानं वाचली होती, आणि त्यानं पुढे सगळी वर्षं तो आवाज जपला होता आणि आवाजाबरोबर ओळही तिच्या नावावर लावून टाकली होती.

मग ते तिथंच थांबेना. लग्न झाल्यापासून ती त्याच्यासाठी वाचत आली होती. दिवसभर दुसऱ्यांची मुलं सांभाळून ती दमलेली असायची, तरी जेवण झालं की टेबल पुसून घ्यायची आणि वाचायला बसायची. वर्तमानपत्राच्या पुरवण्या, शाळेची पुस्तकं, वेळापत्रकं, कादंबऱ्या, आभाराची पत्रकं. तिच्या आवाजात त्यानं आयुष्यभर ऐकलं होतं ते हे. उद्या दुपारनंतर वारा पडेल. त्याला त्या वाक्याच्या मागोमाग पूर्णविराम हा शब्दही ऐकू आला, तिच्याच आवाजात, आणि त्यामागून किनारपट्टीवर आकाश अंशतः ढगाळ राहील, आणि मग पुन्हा पूर्णविराम. हवामानाचा रकाना होता तो. ज्या वाक्यानं त्याला इतक्या सकाळी धीर दिला ते हवामानखात्याचं होतं. त्यानं स्टेशनाचं वाक्य घ्यायचं टाळलं, पण ते आलंच. दवाखान्यातली खाट आली, उशी आली, तिचे ओठ हलले, आणि मग खाटेच्या जागी हळूहळू जेवणाचं टेबल आलं आणि तिच्या हातात कुठल्यातरी लांबलचक कादंबरीचं प्रूफ. तसं होतं की नव्हतं हे सांगणारं आता कुणीच नव्हतं. दवाखान्यात तो एकटाच तिच्याजवळ होता. ती तसं म्हणालीही असेल. पण एकदा शंकेची खूण समासात पडली की ती पुसायला मूळ प्रत लागते, आणि मूळ प्रत हिवाळ्यात गेली होती.

मग तिचं स्वतःचं काय होतं? ती काही मुकी नव्हती. चांगली बोलायची, भांडायची, शेजारणींच्या नकला करायची. त्यानं डोळे मिटून प्रयत्न केला. लावा हो ते. किल्ली घेतली का? दिवा घालवा. पाणी देता का जरा? ही तिची वाक्यं होती, यात शंका नव्हती. पण ही त्या इमारतीतल्या प्रत्येक बाईची होती, आणि त्याच्या आईची, आणि आताच फोनवर जेवलात का विचारणाऱ्या मुलीची. त्यानं ती एकेक करून मनात म्हणून पाहिली. ती ऐकू आली, पण बाईंच्या आवाजात, ज्या आवाजात काहीच नसायचं. तिचं म्हणून जे काही होतं ते छापण्यासारखं, लिहून ठेवण्यासारखं नव्हतं म्हणून ऐकताना त्यानं पेन्सिल खाली ठेवली होती. दुसऱ्यांच्या मजकुरातला एकेक स्वल्पविराम त्यानं आयुष्यभर राखला. तिच्या बोलण्यातलं एक वाक्य त्याला सांगता येत नव्हतं. वसंतात ती शिंकायची, हे खरं होतं. ते आता त्यालाही आठवलं, लाल नाक, हातातला रुमाल, शिंक येण्याआधीचा तो थांबलेला, गोंधळलेला चेहरा. चेहरा आठवला. शिंकेचा आवाज आला नाही.

तो वर गेला तेव्हा संपादिकेनं नावाची चिठ्ठी टाचणीनं प्रुफाला लावून ठेवली होती.

"झालं नक्की?"

"ती ओळ काढून टाका."

"काढून? का? काय म्हणाली मुलगी?"

"तिची नाही ती. माझी आहे. मीच लिहिली होती."

"अय्या, मग तुमचं नाव टाकते!"

"नको."

"बरं, नाव राहू दे. कुरकुरायला असू दे, डोंगराळ असू दे. कुणाला काय फरक पडतो, काका? छान आहे ती."

"खोटी आहे."

"आणि बाकीच्या खऱ्या आहेत असं तुम्हाला कुणी सांगितलं?" ती जराशी चिडली होती. लाडकी ओळ जात होती.

"त्या कुणाच्या तरी आहेत," तो म्हणाला. "कुणीतरी कधीतरी बोललेलं आहे ते. ही कुणी बोललेलीच नाही."

तिनं टाचणी काढली. चिठ्ठी त्याच्यापुढं सरकवली. त्यानं ती घेतली नाही, तेव्हा ती तिथंच संत्र्याच्या सालींशेजारी राहिली. त्यानं ओळीवर आडवी रेघ मारली आणि समासात काढून टाकण्याची खूण केली, त्याच्या हातून हजारो वेळा झालेली, शेवटी गोल वळण घेणारी.

खाली पान लावणारा कॉम्प्युटरपुढं बसून गाणं गुणगुणत होता. त्यानं प्रूफ घेतलं आणि गुणगुणणं थांबवलं. "हे काय स्वल्पविराम, आख्खी ओळ उडवलीत? पान खाली उघडं पडेल. बदली दुसरी द्या."

"माझ्याकडं नाही."

"तुमच्याकडं नाही? इतकी वर्षं वाचताय, एवढं जग पालथं घातलंत कागदावर. वसंताचं एवढुसं काहीतरी द्या की. बायकोला विचारून," आणि त्यानं जीभ चावली. "सॉरी हं. सवय हो. चुकलो."

"नाही माझ्याकडं," तो म्हणाला.

"असू दे, असू दे. पसरवतो मी." त्यानं घाईघाईनं खुर्ची पुढं ओढली. ओळ पडद्यावरून नाहीशी झाली. तिच्या जागी पांढरी पट्टी दिसली, हातभर दुरून दिसावी इतकी ठळक. वर मेंढपाळांची म्हण, खाली कोळ्यांची, मध्ये काही नाही. मग पान लावणाऱ्यानं एक आकडा बदलला आणि सगळ्या ओळी एकदम हलल्या. प्रत्येक ओळ वरच्या ओळीपासून केसभर दूर सरकली, पाहुण्याची, सोयऱ्याची, लोकरीच्या कपड्यांची, सगळ्यांनी थोडी थोडी जागा घेतली, आणि पांढरी पट्टी भरून गेली. पान खालपर्यंत पुरलं.

"बघा," पान लावणारा खुशीत म्हणाला. "सगळ्यांत थोडं थोडं वाटून टाकायचं. कळतंय का आता कुठं होती?"

तो वाकला. चष्मा वर करून पडद्याच्या अगदी जवळ गेला. वरून खाली एकेक ओळ पाहिली, मग खालून वर. सगळीकडं अंतर सारखं होतं.

"नाही," तो म्हणाला. "नाही कळत."

"मग करा सही."